दुलारी मौसी कॅमेऱ्यात

आमच्याकडे पाहुणे आले, चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा संपल्या की मुक्ता हमखास म्हणते, "आई, ती कॅमेऱ्याची गंमत सांग ना!" आता कुठली सांगू? एकीला हात घातला की तिचा पदर धरून दुसरी बाहेर येते. तो कॅमेरा आमच्या घरात चालू होता जेमतेम वर्षभर. पण एरवी अख्ख्या संसारात जमले नसते इतके किस्से त्या वर्षात जमले!

हल्ली घरोघरी कॅमेरे असतात. मुलं सांभाळणारी बाई काय करतेय ते आईबाप ऑफिसात बसून फोनवर बघतात. मी सांगतेय ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. तीही बनारसची, जिथे लाइट असली की लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं!

आम्ही दूधविनायक मोहल्ल्यात आप्पा पुराणिकांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. आप्पा संस्कृतचे निवृत्त शिक्षक, एकटेच. चार पिढ्या काशीत गेल्यामुळे त्यांचं मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीच्या गल्लीत वळायचं. मी साताऱ्याची, लग्न होऊन इथे आलेली, मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. आमचे श्रीधरपंत चौकातल्या बँकेत. (समोर मी त्यांना 'अहो'च म्हणते, श्रीधरपंत हे फक्त किस्स्यांपुरतं!) मुक्ता चार वर्षांची, ओंकार, म्हणजे आमचा छोटू, दहा महिन्यांचा. आणि आम्ही दोघं बाहेर पडलो की मुलांजवळ दुलारी.

दुलारी नावाड्याची बायको. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहायची. हाडापेराने मजबूत, तोंडात कायम पान आणि आवाज असा की पलीकडच्या तीरावरून कुणीतरी 'ओ' द्यावी. मुलं तिला मौसी म्हणायची, कारण 'मावशी' नावाची एक साताऱ्याला आधीच होती.

बाई चांगली होती. पण श्रीधरपंतांचे धाकटे भाऊ मस्कतहून आले आणि व्हिडिओ कॅमेरा देऊन गेले. वर सांगून गेले, "दादा, तिकडे लोक मुलं सांभाळणाऱ्या बायांवर कॅमेरा लावतात. आपण नसताना काय चालतं ते कळतं."

झालं! दुसऱ्याच दिवशी कॅमेरा शोकेसमध्ये, मुक्ताच्या कापडी अस्वलाच्या मागे जाऊन बसला. त्याची वायर व्हीसीआरला. कॅसेट घातली की तीन तासांचं रेकॉर्डिंग.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर दुलारी आली, छोटूला मांडीवर घेतलं, वाटीत चमचा बुडवला, चमचा त्याच्या तोंडापाशी नेला... आणि पडदा काळा! लाइट गेली होती. गेली ती आम्ही घरी येईपर्यंत आलीच नव्हती.

श्रीधरपंत हताश होऊन खाली आप्पांकडे गेले. आप्पा पाटावर बसून सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो श्रीधर, काशीत सब कुछ देखनेवाला एकच बसलाय, विश्वनाथ. कारण त्याला बिजली लागत नाही!"

* * *

मग लाइटच्या वेळा बघून टाइम लावायला सुरुवात झाली आणि रेकॉर्डिंग नीट व्हायला लागलं. तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. तीन तासांचं रेकॉर्डिंग बघायला तीन तासच लागतात हो!

म्हणजे दिवसभर दुलारीने मुलांना बघायचं आणि संध्याकाळी आम्ही दुलारीला बघायचं. कुकर कोण लावणार, मुक्ताची वेणी कोण घालणार? श्रीधरपंत बँकेतून आले की बूटही न काढता टीव्हीसमोर. पेन्सिल घेऊन टिपणं काढायचे, इन्स्पेक्शनला आल्यासारखी.

एकदा मी स्वयंपाकघरात होते. पडद्यावर छोटू रडत होता. दुलारी त्याला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. श्रीधरपंत पुढे वाकून म्हणाले, "बघ बघ, किती वेळ रडतंय पोरगं! हिचं लक्षच नाही."

मी म्हटलं, "अहो, टीव्हीतला केव्हाच गप्प झालाय. तुमच्या पायाशी बसलाय तो रडतोय!"

* * *

आठवडाभरात माझ्या लक्षात यायला लागलं की दुलारी बदलली. पूर्वी विटकी सुती साडी नेसून यायची. आता रोज वेगळी. एक दिवस पोपटी, एक दिवस भडक गुलाबी, काठाला जर. केसात गजरा. मुलांनाही पावडर अशी थापलेली की छोटू कोहळ्याच्या पांढऱ्या पेठ्यासारखा दिसायचा. मी श्रीधरपंतांना म्हटलं, "घरात काही लग्नकार्य आहे वाटतं तिच्या."

आणि मग ती ऐतिहासिक कॅसेट आली. सुरुवातीला रिकामी खोली. मग दुलारी आत आली आणि दाराकडे वळून हाक मारली, "आवा, आवा, लजाओ मत!" तिच्या मागून तिची नणंद, नणंदेची सासू, दोन जावा आणि एक म्हातारे काका आत आले. दुलारीने सगळ्यांना शोकेससमोर ओळीने बसवलं. उंच मागे, बुटके पुढे. काकांची टोपी सरळ केली. छोटूला मध्ये ठेवलं. मग सगळे जण श्वास रोखून, डोळे न मिटता, अस्वलाकडे बघत बसले!

कितीतरी वेळ कुणी हललं नाही. शेवटी काकांनी ओठ न हलवता विचारलं, "हो गइल?"

"अभी नहीं. लाल बत्ती जल रही है."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. अस्वल कुचकामी! तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिचा भाचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे कामाला होता, लाल दिवा म्हणजे काय ते तिला आमच्यापेक्षा आधी कळलेलं!

दुसऱ्या दिवशी मी तोंड कसं दाखवावं या विचारात दार उघडलं. पण ती शरमली नव्हती, रागावली होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बहिनजी, इतने दिन से खिंचवा रहे हैं. हमारा कैसेट कब मिलेगा?"

* * *

आता मधला एक छोटासा सांगते, तो श्रीधरपंत घरात नसताना सांगायचा असतो.

साताऱ्याहून आईने काजूच्या वड्या पाठवल्या होत्या. श्रीधरपंतांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, म्हणून डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, तांदळाच्या पिंपामागे. तरी वड्या कमी व्हायला लागल्या. मी दुलारीला विचारलं. ती म्हणाली, "हम तो मीठा छूते नहीं, दाँत में लगता है." मला पटेना. श्रीधरपंत गंभीर चेहरा करून म्हणाले, "उगाच कुणावर आळ घेऊ नये. पण कॅमेऱ्यात बघायला हरकत नाही." कॅमेरा मुलांच्या खोलीकडे तोंड करून होता, स्वयंपाकघर त्यात दिसायचं नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक! लावला होता त्यांनीच.

पण बनारसची माकडं त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

त्या दिवशी दुलारी मुलांना आंघोळ घालत होती. खिडकीतून एक दांडगं माकड आत आलं. टेपवर आधी नुसता त्याचा चेहरा दिसला, पडदाभर, नाकपुड्यांसकट! त्याने अस्वल हुंगलं, काखेत मारलं आणि जाता जाता कॅमेऱ्याला असा फटका मारला की कॅमेरा गर्रकन फिरून थेट स्वयंपाकघराकडे तोंड करून बसला.

पुढे काय? बाथरूममधून दुलारीचं गाणं ऐकू येतंय. बाहेरचं दार हळूच उघडतं. बूट हातात घेऊन, चवड्यांवर चालत, भर दुपारी बँकेतून आलेले श्रीधरपंत आत शिरतात. पिंप सरकवतात. डबा काढतात. एक वडी, दुसरी वडी. तिसरी खिशात. मग तोंड पुसतात आणि चवड्यांवर बाहेर!

टेप संपली. श्रीधरपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एक मात्र मानायला हवं," ते म्हणाले. "कॅमेऱ्याची क्वालिटी उत्तम आहे!"

* * *

यानंतर कॅमेरा गुंडाळून ठेवतील असं वाटलं होतं. छे! संध्याकाळचे तीन तास वाचावेत म्हणून त्यांनी नवी योजना काढली. वरच्या कॅमेऱ्याची वायर खाली आप्पांच्या टीव्हीला जोडायची. आप्पा दुपारी एकटेच बसतात, त्यांना सोबत होईल आणि मुलांकडे लक्षही राहील.

वायर जोडायला आला गुड्डू केबलवाला. गल्लीतल्या सगळ्या घरांत त्याचीच केबल. जिन्यात त्याची पेटी होती. तिच्यात हात घालून तो बराच वेळ काहीतरी खुडबुडत होता. मग म्हणाला, "भइया, एकदम फिट!" आणि खरंच, आप्पांच्या टीव्हीवर छोटू रांगताना दिसायला लागला. आप्पा खूष.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येत होते. कोपऱ्यावरचा पानवाला हात थांबवून म्हणाला, "भाभीजी, छोटू को आज बहुत खाँसी है. दही मत दीजिएगा."

म्हटलं, दुलारीने सांगितलं असेल. थोडं पुढे दूधवाल्याची बायको ओट्यावर बसली होती. "मुक्ता बिटिया ने आज पूरी रोटी खायी!" मी हसून मान डोलावली. वळणावर तांबेकाकूंनी खिडकीतून हाक मारली. काकू आमच्यातल्याच, जरा स्पष्टवक्त्या. "अगं, तुझ्या पलंगाखाली एक लाल मोजा पडलाय कालपासून. दुलारी झाडू मारते, पण पलंगाखाली जात नाही हं! आणि ती पडद्याची शिवण उसवलीय, तेवढी घाल."

मी जिन्यातच मटकन बसले. गुड्डूने कुठली तरी पिन उलटी लावली होती. दुपारी केबलवर जो पिक्चर लागायचा, त्याच्या जागी सगळ्या गल्लीत आमचं घर चालू होतं!

श्रीधरपंत बँकेतून तसेच गुड्डूच्या दुकानात. मीही मागोमाग. हे ओरडले, "बंद करो! अभी के अभी!"

गुड्डू अगदी अजीजीने म्हणाला, "भइया, बंद तो कर दें. लेकिन सुबह से पूरी गली दुकान पर आकर पूछ रही है कि बच्चे की खाँसी गयी कि नहीं. इतना तो दिखा दीजिए!"

* * *

सगळे किस्से असे हसण्यासारखे नव्हते. एकदा खरंच फाटलं होतं.

पुन्हा कॅसेटवर रेकॉर्डिंग सुरू झालं होतं. एका टेपवर दिसलं, दुलारीने छोटूच्या कपाळाला काजळाची तीट लावली, त्याला कडेवर घेतलं, मुक्ताचा हात धरला आणि ती बाहेर गेली. मग खोली रिकामी. फिरणारा पंखा आणि खिडकीवरचा कावळा. टेप संपेपर्यंत कुणी परत आलं नाही.

मी सहज विचारल्यासारखं केलं, "काल दुपारी कहाँ गयी थीं?"

"कहीं नहीं. नीचे, आप्पा के पास."

आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "नाही बुवा. इकडे तो कोई आया नहीं."

ती खोटं बोलली होती. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गल्लीच्या तोंडाशी, बांगड्यांच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. दुलारी निघाली. गल्ल्यागल्ल्यांतून वळत, लोकांशी बोलत, मुक्ताला उड्या मारायला लावत. मी मागे. ती पंचगंगा घाटावर उतरली. त्या घाटाच्या पायऱ्या म्हणजे काय! नुसतं खाली बघितलं तरी पाय लटपटतात. यात्रेकरूंच्या गर्दीत ती मला दिसेनाशी झाली. मी धडपडत खाली पोहोचले तोवर नाव काठापासून सुटली होती. वल्ही मारत होता तिचा नवरा बिरजू. दुलारीच्या मांडीवर छोटू. आणि माझी चार वर्षांची मुक्ता कडेला ओणवून पाण्यात हात घालत होती!

मी कशी किंचाळले मला माहीत नाही. घाटावरच्या पुरोहितांचा मंत्र थांबला. नाव वळली.

काठाला लागताच मी दोघांना ओढून घेतलं. "पूछा क्यों नहीं मुझसे?"

"पूछते तो आप मना करतीं."

"और झूठ क्यों बोला?"

"इसीलिए."

बिरजू मध्ये पडला, "बहिनजी, हमार सब लइका एही पानी में बड़ा भइल हैं..."

"तुम्हारे तैरना जानते हैं! मेरे नहीं जानते!"

मुक्ता रडायला लागली. तिला वाटलं मी तिलाच ओरडतेय. श्रीधरपंतांनी संध्याकाळी दुलारीला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तिने चपला घातल्या, अर्धा जिना उतरली आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "छोटू की दाल में घी डालिएगा. नहीं तो थूक देगा."

नंतरचे दिवस फार वाईट गेले. आम्ही आळीपाळीने रजा घेत होतो. एक नवी बाई आली. ती इतकी छान झोपायची की छोटूने तिच्या अंगावर वाटी उपडी केली तरी उठली नाही. मुक्ता आमच्याशी बोलेना. एक दिवस मी बाहेरून आले तर ती टीव्हीसमोर. तिच्या बाबांनी जुनी टेप लावून दिली होती आणि ती पडद्यावरच्या दुलारीला सांगत होती, "मौसी, आई आता गुस्सा नाही आहे. तू बाहर ये ना."

मी तशीच, हातातली पिशवीही न ठेवता, पंचगंगेच्या वरच्या गल्लीत गेले. दुलारी दारात बसून लसूण सोलत होती. मला बघून तिने बसायला पाट सरकवला. पण बोलणार कोण आधी? शेवटी मीच म्हटलं, "नाव नको. आम्ही बरोबर असलो तरच."

"ठीक."

"आणि खोटं बोलायचं नाही."

तिने जरा विचार केला. "झूठ नहीं बोलेंगे. पर आप भी सोच-समझ के पूछिएगा!"

मला हसू आलं. तिलाही. मग तिने तिची अट घातली. "आप लोग दिन भर हमको देखते हैं. एक बार हम भी देखेंगे, शाम को आप लोग क्या करते हैं."

श्रीधरपंतांना हे अजिबात आवडलं नाही. पण मुक्ताकडे बघून कबूल झाले. एक संध्याकाळ कॅमेरा आमच्यावर लागला. आम्ही दोघं अशा काही आवाजात बोलत होतो की जणू रेडिओवर मुलाखत चाललीय. रविवारी दुलारी खास टेप बघायला आली. चांगली साडी नेसून, नवऱ्याला घेऊन. आम्ही चहा दिला. पडद्यावर श्रीधरपंत पेपर वाचत होते. मी भेंडी चिरत होते. मुक्ता चित्र रंगवत होती. श्रीधरपंत पेपर उलटून मागचं पान वाचत होते.

मी बाजूला बघितलं. बिरजू भिंतीला टेकून घोरत होता. दुलारीचीही मान कलली होती. मी हलवलं तशी ती दचकून उठली, पडद्याकडे पाहिलं. श्रीधरपंत अजून पेपरच वाचत होते.

"बहिनजी," ती जांभई देत म्हणाली, "आपके यहाँ तो कुछ होता ही नहीं! हमारा वाला लगाइए."

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मुक्ताही मध्ये बोलत नाही.

छोटू सव्वा वर्षाचा झाला तरी चालत नव्हता. धरून उभा राहायचा, खाटेच्या कडेने सरकायचा, हात सोडला की मटकन खाली. साताऱ्याहून आईचा दर रविवारी फोन, "चालायला लागला का गं?" डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, काही मुलं उशिरा चालतात." पण आईचा जीव! मी शाळेत फळ्यावर गणित घालतानाही मनात तेच.

त्यात मुक्ताच्या वेळी मी हुकले होते. साताऱ्याला आजीकडे असताना तिने पहिलं पाऊल टाकलं आणि मी इथे परीक्षांच्या कामात. आईने फोनवर सांगितलं. एकदा छोटूला तेल लावता लावता मी हे दुलारीजवळ बोलले होते. म्हटलं, "सगळ्यांनी पाहिलं, मी सोडून." ती छोटूच्या पायांना तेल चोळत राहिली होती.

तोवर टेपा बघणं जवळजवळ बंदच झालं होतं. कॅमेरा दुलारीच चालू करायची, सवयीने. एका संध्याकाळी मी तिला नेहमीसारखं विचारलं, "आज क्या किया छोटू ने?"

"कुछ खास नहीं. खिचड़ी खाया, सोया."

ती गेली. मी मटार सोलायला घेतले आणि सोबतीला म्हणून त्या दिवशीची टेप लावली.

छोटू खाटेला धरून उभा होता. दुलारी समोर जमिनीवर बसून मुक्ताच्या फ्रॉकला बटण लावत होती. छोटूने एक हात सोडला. मग दुसरा. तसाच उभा राहिला, डुलत. दुलारीने वर पाहिलं. सुई हातातच राहिली. तिने छोटूकडे पाहिलं, मग सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. आणि ती उठली. झटकन दोरीवरचा हिरवा टॉवेल ओढला आणि कॅमेऱ्यावर टाकला.

पडदाभर नुसता हिरवा टॉवेल. पण आवाज येत होता. आधी काहीच नाही. मग इवल्या पावलांचा थप, थप. मग दुलारीचा दबका आवाज, "आव हमार राजा... आव... एक डेग अउर..." मग छोटूचं खिदळणं, मुक्ताच्या टाळ्या, आणि दुलारीचं हसणं की रडणं, ते कळेना. मग तिचा आवाज, अगदी हळू, "मुक्ता, मम्मी को बोलना नहीं. बिलकुल नहीं."

टॉवेल निघाला. छोटू जमिनीवर बसला होता. दुलारी बटण लावत होती.

माझ्या मांडीवरचे मटार सगळे खाली सांडले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले. जिना चढून दारात पोहोचते तो दुलारीने छोटूला खाटेला धरून उभं केलेलं. आज तिने पोपटी साडी नेसली होती. मुक्ता कोपऱ्यात दोन्ही हात तोंडावर धरून उभी. "वहीं रुकिए, बहिनजी," दुलारी म्हणाली, "वहीं बैठ जाइए." मी उंबऱ्यावरच बसले, पिशवीसकट. हात पसरले.

छोटूने माझ्याकडे पाहिलं, खाट सोडली आणि चालत आला. थप, थप, थप. मध्ये एकदा झोकांडला, सावरला, आणि माझ्या मानेत येऊन कोसळला.

"अरे दइया रे!" दुलारी इतक्या जोरात ओरडली की खालून आप्पा धावत वर आले. "चला! छोटू चला! पहली बार चला, बहिनजी! आप ही के सामने चला!"

"हाँ दुलारी," मी म्हटलं. "पहली बार."

तिने पदराने डोळे पुसले. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं शोकेसकडे बोट केलं.

"देखिए तो जरा, लाल बत्ती जल रही है न?"

मी मान वळवून पाहिलं.

"जल रही है," मी म्हटलं.